१८ फूट की २६

धाकट्या भावानं दोन बोटींची माहितीपत्रकं पाठवली आणि लिहिलं, ‘ताई, बाबांना वाचून दाखव. कुठली घेऊ?’ तो सिॲटलला असतो. बाबा माझ्याकडे, हैदराबादला, समुद्रापासून लांब. मुंबई बंदरात ते लाँचवर सारंग होते. आता फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मध्ये मी. भाषांतरकाराला फुकटच्या कामाची सवय असतेच.

एक बोट १८ फुटी. उघडी, मागे आउटबोर्ड मोटर, ट्रेलरवर घालून गाडीमागून न्यायची आणि घराशेजारी ठेवायची. दुसरी २६ फुटी. केबिन, झोपायला जागा, चहापुरता ओटा आणि संडास. ही मरीनात भाड्यानं जागा घेऊन पाण्यातच बांधून ठेवायची. तळाला शेवाळ, कालवं धरू नयेत म्हणून खास रंग द्यायचा. भावाचा ओढा हिच्याकडे होता. सिॲटलचं लेक वॉशिंग्टन गोड्या पाण्याचं, प्युजेट साउंड खाऱ्या. मध्ये १९१७ साली सुरू झालेले बॅलर्डचे लॉक. बोट आत घेऊन दारं लावतात, पाणी उतरवतात, की समोर समुद्र. तिथून सॅन वान बेटांपर्यंत जायचं, रात्री बोटीतच झोपायचं.

मी शब्दकोश घेऊन बसले होते. ‘ड्राफ्ट’पाशी अडले, तर बाबा म्हणाले, ‘पाण्यात किती बसते, ते.’ ‘बो’ म्हणजे नाळ. कोश मिटला.

पत्रातलं एक वाक्य मात्र मी वाचलं नाही. ‘एकदा तरी बाबांच्या हातात सुकाणू द्यायचंय.’ बायपासनंतर बाबांनी विमानप्रवासाचं नाव टाकलंय, भावाला ते मान्य नाही. त्या वादात मला पडायचं नव्हतं. पण ते वाक्य गाळल्यावर संडास, बिछाने, सगळंच निरर्थक वाटायला लागलं. मूळ मजकुरातला असा कणा काढला असता, तर माझ्या संपादकानं मला उभं केलं नसतं.

बाबांनी एकच विचारलं, ‘धक्क्याला लावताना दोर कोण घेणार?’

मी प्रश्न पुढे पाठवला. लहान बोट हातानं धरून ओढता येते. केबिनवाली बोट मंद झाली की वारा तिच्या अंगाला लागतो, सुकाणूला जोर राहत नाही. अशा वेळी दोर घेऊन उतरणारं दुसरं माणूस हवं. एकट्यानं लावणारे असतात, पण ते मुरलेले. भावाच्या बायकोला बोट लागते. मुलगी येत्या हिवाळ्याआधी कॉलेजला दुसऱ्या राज्यात जाणार.

उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘कोणी नाही.’

ते मी जसंच्या तसं वाचलं. बाबा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

‘मग धाकटी घे म्हणावं. आणि माझ्यासाठी म्हणून मोठी घेऊ नकोस, असंही सांग.’

म्हणजे गाळलेलं वाक्य त्यांना पोचलं होतं. मी भावाला फक्त पहिलं वाक्य कळवलं.

परवा त्यानं व्हिडिओ पाठवला. १८ फुटी बोट, एकटाच, धक्क्याकडे येतोय. बाबांनी तो तीनदा पाहिला.

‘जोरात आणतोय. आधीच न्यूट्रलला टाक म्हणावं, आपोआप सरकत येते.’

हे मात्र मी तिथल्या तिथे, शब्दशः पाठवलं.