यादीतले नाव

स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी तयार होत असताना सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे तिच्यातून वगळली गेली. खरे तर ‘नावे वगळली’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे, कारण त्या स्त्रियांनी नावे सांगितलीच नव्हती. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी दारात आलेल्या कारकुनाला दिली आणि त्यानेही ती तशीच उतरवून घेतली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मात्र ठाम भूमिका घेतली, की स्वतःचे नाव नसलेली नोंद ही नोंदच नव्हे. बिहारला नावे भरून देण्यासाठी मुदत वाढवून मिळाली, काहींची नावे त्यामुळे आलीही. उरलेल्यांची नोंद रद्द झाली. 1951-52 च्या त्या निवडणुकीत मतदार 17 कोटींहून अधिक होते, त्यांत स्त्रिया 8 कोटींच्या आसपास. त्या मानाने 28 लाख हा आकडा लहान दिसतो. आम्हांला तो लहान वाटत नाही.

वगळलेल्यांपैकी बहुतेक स्त्रिया बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश इथल्या होत्या. त्यांत मुंबई राज्याचे नाव नाही, हे वाचून मराठी वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. आम्हीही टाकला. पण आपल्या बायकांनी नाव सांगितले, ते कोणते? माहेरची यमुना कुर्लेकर सासरी रमाबाई रानडे झाली. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाली. ज्या दोन आत्मकथनांवाचून मराठी गद्याचा अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्या दोन्हींवर लग्नात मिळालेली नावे आहेत. शिवाय रमाबाईंच्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’ आयुष्यातील आठवणी आहेत. या बहुवचनात संकोच किती आणि सहजीवन किती, यावर आमच्या वर्गात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी तो अर्धाच राहतो. असो.

याच रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार केला. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने 1921 मध्ये स्त्रियांना मत दिले, पण ते मालमत्तेच्या अटीवर. त्याच 1921 च्या रामनवमीला मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव आपण घेतो. त्या लढ्यात मावळातल्या बायकाही उतरल्या होत्या. मुंबईत स्त्रीच्या मताला जमिनीचा आधार मागितला जात होता आणि इकडे जिच्या घरची जमीनच पाण्याखाली जाणार होती, ती बाई धरणाच्या कामावर जाऊन उभी राहत होती. तिच्या नावावर सातबारा असण्याचा प्रश्न तेव्हाही नव्हता.

पुढचा टप्पा पुण्यातला. जानेवारी 1927 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषद भरली, ती शिक्षणाच्या प्रश्नासाठी. काही वर्षांतच तिला मताधिकाराकडे वळावे लागले. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी सायमन आयोगापुढे स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मत मागितले होते. परिषदेसह इतर महिला संघटनांचीही मागणी तीच होती, आणि नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारे बायकोला मत देण्याच्या कल्पनेला त्यांचा विरोध होता. तरीही 1935 च्या कायद्यात ती अट आलीच. बाईला मत मिळाले, पण ‘अमक्याची पत्नी’ म्हणून. त्यानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी हेच दोन शब्द सेनांच्या यादीत अपुरे ठरले. ज्या राज्ययंत्रणेने बाईला नवऱ्याच्या आधाराने ओळखायला शिकवले, तिनेच मग बाईला विचारले, तुझे नाव का सांगत नाहीस? यात त्या 28 लाखजणींना अडाणी ठरवणे आम्हांला अन्यायाचे वाटते. परपुरुषाला नाव न सांगणे ही त्यांच्या लेखी रीत होती, अज्ञान नव्हे.

याच सुमाराच्या अमेरिकेशी तुलना केली की चित्र उलटे दिसते. दक्षिण कॅरोलिनाच्या जॉन्स बेटावर 1957 च्या जानेवारीत सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय प्रौढांसाठी एक वर्ग सुरू झाला. एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत बर्निस रॉबिन्सन शिकवत. मूळच्या त्या केशरचनाकार. शिकायचे काय, तर वाचायला आणि स्वतःचे नाव लिहायला, कारण त्याशिवाय मतदारनोंदणी होत नसे. फॅनी लू हॅमर 1962 मध्ये मिसिसिपीत नोंदणीसाठी गेल्या, तर त्याच दिवशी मळ्यावरचे राहते घर त्यांना सोडावे लागले. तिथे बाई आपले नाव घेऊन कचेरीच्या दारात उभी होती आणि कचेरी ते घ्यायला तयार नव्हती. इथे कचेरी बाईच्या दारात उभी होती. साक्षरतेची अट न घालता, संविधान लागू होण्याच्याही आधी, 1948 पासून घरोघर याद्या करायला निघालेले हे राज्य आम्हांला आजही थक्क करते.

2023 च्या दिवाळीच्या आसपास याद्यांचे पुनरीक्षण चालू होते, तेव्हा आम्ही चौघीजणी, सगळ्या साहित्याच्या शिक्षिका, सुट्टीच्या दिवसांत लोणावळ्याहून कामशेत, पवनानगरच्या बाजूला जात असू. बीएलओ म्हणजे बहुधा अंगणवाडीच्या ताई. त्यांच्यासोबत बसून अर्ज भरून द्यायचे, एवढेच काम. नवी नोंद सहा नंबरच्या अर्जावर, दुरुस्ती किंवा पत्ताबदल आठ नंबरच्या. सोपे वाटते. पण लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत एक, आधार कार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या आडनावासह तिसरे. यांतली खरी कोण, हे तिने सिद्ध करायचे. तिच्या नवऱ्याचे नाव जन्मापासून एकाच यादीत, एकाच वस्तीत, एकाच आडनावाखाली निवांत बसलेले असते.

एका वस्तीवर एका आज्जींना आम्ही नाव विचारले. “माझं काय करायचंय? घरच्यांचं लिवा की.” घरच्यांचे नाव विचारले, तर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सुनेकडे पाहिले. सुनेने सासऱ्यांचे नाव घेतले नाही. अंगणातल्या नातवाला हाक मारून त्याच्याकडून वदवले. अंगणवाडीच्या ताई हसून म्हणाल्या, “आज्जी, उखाण्यात तरी घ्या!” आणि आज्जींनी खरोखरच घेतला. शासकीय अर्जाचा एक रकाना उखाण्याने भरला गेला. लोकवाङ्मयाचे उपयोजन आम्ही वर्गात शिकवतो, त्यात हे उदाहरण नव्हते.

कातकरी वाड्यांवर मात्र हसण्यासारखे काही नव्हते. वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे घर बंद करून जातात. यादी तपासायला कोणी आले, तर दाराला कुलूप. जन्माचा दाखला नाही, राहण्याचा पुरावा नाही. बाईच्या हातात असलाच तर नवऱ्याच्या नावाचा एखादा कागद. 2025 मध्ये बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झाले आणि 2003 च्या यादीचा आधार मागितला गेला, तेव्हा आम्हांला या वाड्या आठवल्या. त्या यादीत स्वतःचे नाव नसेल तर आईवडिलांचा पुरावा हवा, म्हणजे सासरी राहणाऱ्या बाईने माहेरी जाऊन कागद शोधायचे.

कार्ल्याचे चैत्यगृह या वाटेवरच आहे. एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्या गर्दीत तिथले दानलेख सहसा कोणी वाचत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखांत एका दानाची नोंद आहे: गृहस्थ महादेवणकाची आई भायिला हिचे दान. ‘अमक्याची आई’ तिथेही आहेच. मुलाचे नाव आधी येते, आईचे नंतर. पण येते. नाते सांगून कोरणारा थांबला नाही. दान देताना नाव लागते आणि मत देताना लागत नाही, असे त्या 28 लाखजणींना वाटले असेल का, या प्रश्नाशी आम्ही बराच काळ रेंगाळलो.

महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लावायचे ठरवले. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र तिचे नाव, मग पतीचे, मग आडनाव, ही रीत कायम ठेवली. आईचे नाव मुलाच्या मागे लागणार, पण ते लग्नानंतरचे.

कामशेतजवळच्या एका मुलीने त्या दिवाळीत आम्हांला विचारले होते, “मॅडम, नातेवाइकाच्या रकान्यात आईचं नाव चालतं का?” चालते, अर्जात तसा पर्याय आहे. वडील हयात होते, पण घरात नव्हते. तिने ‘आई’वर खूण केली, आईचे नाव लिहिले आणि मग पेन थांबवून आईला विचारले, “तुझं माहेरचं लिहू की इथलं?” आई चुलीपाशी होती. “मला काय विचारतेस, तुझा अर्ज हाय,” म्हणाली, आणि थोड्या वेळाने, भाकरी उलटता उलटता, “माहेरचं बसतंय का बघ.” आधार कार्डावर सासरचे होते, तेच लिहावे लागले. माहेरचे नाव काय होते, ते आम्ही विचारून घेतले; आईने ते दोनदा सांगितले.