नर्मदेचे पाणी आणि आम्ही

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून उज्जैनच्या नानाखेड्यातील आमच्या घरी परतलो, तो चिरंजीवांनी एक माहितीपट लावून ठेवलेला. 'ड्राउन्ड आउट' हे त्याचे नाव. फ्रॅनी आर्मस्ट्राँग या ब्रिटिश बाईंनी तो २००२ साली पुरा केला. "आदिवासींची परंपरा आणि आधुनिक काळ यांचा झगडा आहे," असे चिरंजीवांनी सांगितले होते. तेव्हा ढोल, नाच आणि तीरकामठे पाहावयास मिळणार, अशा समजुतीने आम्ही बसलो. खरे सांगावयाचे तर थोडी करमणूकच अपेक्षिली होती.

पडद्यावर आले ते नर्मदाकाठचे जलसिंधी. आमच्याच मध्य प्रदेशातील, आज अलीराजपूर जिल्ह्यात मोडणारे भिलांचे गाव. सरदार सरोवराचे पाणी चढत आहे, आणि गावच्या एका वैदूपुढे तीन वाटा आहेत: शहराच्या झोपडपट्टीत जावे, दूरच्या पुनर्वसाहतीत जावे, की घरातच बुडावे? वाचकहो, ज्याचे सारे औषधज्ञान भोवतीच्या रानातील झाडपाल्याचे, त्याने ते दुसऱ्या गावी कोणत्या गाठोड्यात बांधून न्यावयाचे?

नर्मदा लवादाने १९७९ साली ठरविले होते की, ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल त्यास निदान दोन हेक्टर जमीन द्यावी. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कित्येक शेतांची कागदोपत्री नोंदच नव्हती, आणि कागद नाही तो अतिक्रमक ठरला! आपल्यांपैकी ज्यांची वाडी कधी सरकारी मोजणीत सापडली असेल, त्यांस हे अधिक समजावून सांगणे नको.

जलसिंधीसमोर, पैलतीरी, महाराष्ट्रातील डोमखेडी. त्या काठच्या लोकांनी नर्मदा आंदोलनाच्या साथीने १९९० नंतरच्या वर्षांत 'जीवनशाळा' काढल्या. मुलांच्या बोलीत आरंभ करून पुढे मराठी शिकविणाऱ्या. म्हणजे ज्यांना आम्ही नव्या काळास भिणारे समजत होतो, ते पाटी-पुस्तक मागत होते, आणि जमिनीच्या बदली जमीन. यात परंपरेचा हट्ट तो कोठे?

आणखी एक गोष्ट मनास टोचली. नर्मदेचे पाणी २०१४ पासून उपसून क्षिप्रेत आणले जाते. ते ओंकारेश्वरच्या धरणाकडून येते, सरदार सरोवराचे नव्हे, हे खरे. पण त्या धरणापायीही २०१२ साली घोगलगावची माणसे सतरा दिवस पाण्यात उभी होती. २०१६ च्या सिंहस्थात आमच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांस आम्ही हौसेने घाटावर पोहोचविले, आणि बारमाही झालेल्या नदीचे कौतुकही केले. घोगलगावचे नाव तेव्हा आमच्या ओठांवर आले नाही.

सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच काठोकाठ भरले.

सायंकाळी भाजीस निघालो. नानाखेड्याच्या बसस्थानकावर गाठोडी घेऊन एक भिल कुटुंब उतरले होते. धाकटीच्या पाठीवर शाळेचे दप्तर होते. "यांचे गाव कोणते असेल?" चिरंजीवांनी विचारले. आम्हांस सांगता येईना. वीस वर्षे आम्ही त्या स्थानकावरून ये-जा करीत आहोत.