बागेतले बाक

आमच्या घरामागे एक बाग आहे. बाग म्हणायचे ते आपले मनाच्या मोठेपणाने. चार गुलमोहर, एक घसरगुंडी आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. तोडायला फुले नव्हती आणि बसायला जागाही नव्हती.

पुण्यात 2006 सालापासून महापालिकेने एक चांगली पद्धत पाडली होती. आपल्या भागात कोणते काम हवे, ते नागरिकांनी अर्जावर लिहून द्यायचे आणि अंदाजपत्रकात त्याचा विचार व्हायचा. अर्ज म्हटला की शिक्षकाचा हात शिवशिवतो. 2016 साली मी 'बागेत बाक हवेत' असा अर्ज वळणदार अक्षरात लिहिला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या गोळा करत हिंडलो.

त्याच वर्षी कचऱ्याचे नवे नियम आले. ओला निराळा, सुका निराळा, घरगुती घातक निराळा. मी ते छापील कागद मिळवून आणले आणि जिन्यात उभा राहून बिऱ्हाडकरूंना वाचून दाखवले. "घरी तरी शाळा सोडा," असे सौभाग्यवती म्हणालीच. पण बादल्या तिनेच आणल्या.

सकाळी सातला कचरा न्यायला मावशी येत. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभारली आणि 2008 पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. मावशी त्यातल्याच. घरटी महिन्याचे थोडे पैसे मिळत. बाकीची कमाई सुक्या कचऱ्यातले भंगार विकून. ते त्या बागेच्या भिंतीलगत, रस्त्याच्या कडेला बसून निवडत.

एके दिवशी त्या दारात घुटमळल्या. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाय. आमचाबी एक अर्ज लिवता का?"

बागेच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याची एक शेड हवी होती. पावसात कागद भिजला की भंगारवाला भाव पाडतो, कधी घेतही नाही. सारा दिवस पाण्यात.

मी म्हटले, "बघू."

या शब्दाइतका सभ्य नकार मराठीत दुसरा नसेल. खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांसमोर माझे बाक उभे राहिले, आणि त्यांच्याभोवती माश्या. अर्ज मी लिहिला नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होते, पण सोसायटीच्या सभेत कुणीतरी शेडचा विषय काढला, तेव्हा मीच उठून म्हणालो, "बागेचा पैसा बागेलाच लागला पाहिजे." टाळ्या पडल्या. मावशी त्या वेळी जिना झाडत होत्या.

बाक आले. सिमेंटचे, तीन. 2018 च्या आषाढात एका सकाळी धो धो पाऊस चालला होता. मी छत्री घेऊन दूध आणायला निघालो, तो बागेत मावशी दिसल्या. पुठ्ठ्याची आणि रद्दीची पोती त्यांनी बाकांखाली सरकवून ठेवली होती आणि स्वतः डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन भिजत उभ्या होत्या.

"मास्तर, बाक ब्येस झाले," त्या हसून म्हणाल्या. "खाली कोरडं ऱ्हातं."

त्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते.

घरी येऊन मी ते नियमांचे कागद पुन्हा काढले. बादल्यांचे कलम मी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केले होते. पुढे कोऱ्या राहिलेल्या पानांत होते, की कचरा निवडण्यासाठी वेचकांना पुरेशी जागा स्थानिक संस्थेने द्यावी. मुलांना धडा अर्धा वाचून आल्याबद्दल मी बाकावर उभे करतो.

पुढे अर्ज निघाले तेव्हा मी एक घेऊन मावशींकडे गेलो. जागेचे माप लिहायचे होते. त्या कोपऱ्यात गेल्या आणि पावलांनी मोजू लागल्या. लांबी आठ पावले भरली. मग रुंदी. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या पावलाला तिसरा बाक आडवा आला.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"पाचच लिवा," त्या म्हणाल्या.