फाटलेली रोजकीर्द

रोजकीर्द कशी लिहावी, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. ती फाडली तर काय काय बुडते, हे मात्र मला बेंतो द गोइशच्या हकिकतीने शिकवले.

बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरला माझे आजोळ. एका सुटीत मामांबरोबर असीरगड पाहिला आणि परतल्यावर ग्रंथालयात त्याचा इतिहास वाचू लागलो. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने हा किल्ला घेतला, तेव्हा जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री व त्याचा सोबती गोइश हे बादशहाच्या छावणीत होते. त्याच वर्षी अकबराच्या वकिलाबरोबर गोइश बुऱ्हाणपूरहून गोव्यास गेला.

पुढे त्याच्यावर मोठी कामगिरी आली. तेराव्या शतकात मंगोल खानांकडे गेलेल्या रुब्रुकच्या विल्यमसारख्या पाद्र्यांनी 'कॅथे' देशाविषयी लिहून ठेवले होते. तो देश आणि चीन एकच की वेगळे, हे पाहायचे होते. गोइशला फारसी उत्तम येई. आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात, अब्दुल्ला इसाई या नावाने, १६०३ मध्ये तो लाहोरहून काफिल्याबरोबर निघाला.

वाटेत खोतानच्या राजाची आई भेटली. हजहून परतताना ती पैशांच्या अडचणीत होती. गोइशने तिला सुमारे ६०० सोन्याची नाणी बिनव्याजी दिली. तिने पुढे ती जेडच्या दगडांच्या रूपाने फेडली. चीनमध्ये त्याहून खपणारा माल नव्हता!

काफिल्यातील इतरांनाही त्याने कर्ज दिले होते. प्रवासाची टिपणे आणि ही येणी एकाच वहीत होती. चीनच्या सीमेवरील सूचौ येथे ११ एप्रिल १६०७ रोजी तो वारला आणि ऋणकोंनी ती वही फाडली. कॅथे म्हणजेच चीन, हे सिद्ध झाले. पण मधल्या मुलखाची माहिती बरीचशी गेली. उरलेल्या तुकड्यांवरून आणि आयझॅक या इमानी सोबत्याच्या आठवणींवरून पेकिंगमध्ये मात्तेओ रिचीने वृत्तांत जुळवला.

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलणे कानडीत, उधारीची वही मराठीत. आजोबा गेल्यावर काहींनी आपणहून पैसे आणून दिले, काही म्हणाले, "वही दाखवा." आता ती येणी वसूल होणार नाहीत, म्हणून वही रद्दीत घालायचे चालले होते. मी ती मागून घेतली. कोणी कोणत्या महिन्यात किती ज्वारी नेली आणि काय भावाने, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?