हौसेचा धूर

धुराची चव आपल्याला नवी नाही. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत गॅसवरच्या वांग्याला येत नाही, हे विदर्भात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मुद्दाम धूर कोंडून मांस शिजवायचे, हे मात्र या वयात पहिल्यांदाच पाहिले.

नातू सुट्टीत कारध्याला आला होता. अमेरिकेत डुकराच्या नाहीतर गाईच्या बरगड्या तासन् तास मंद धुरात ठेवतात. आम्ही बोकडाच्या आणल्या. रात्रभर मीठ, हळद, तिखट, आले-लसूण लावून ठेवले. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा परसातली भिंत पडली होती, तिच्या विटा रचल्या. वर लोखंडी जाळी आणि तिच्यावर उलटे घमेले. विस्तव एका बाजूला, बरगड्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्याखाली पाण्याचे ताट. चरबी निखाऱ्यावर टपकून जळली की तो धूर अपायकारक, म्हणून ही खबरदारी. बाभळीचे निखारे आणि आंब्याच्या वाळक्या ढलप्या. रंगवलेली फळी किंवा रॉकेल अजिबात नाही.

आतली उष्णता 110 ते 120 अंशांच्या आसपास ठेवायची. घाई केली तर मांस चिवट होते. हाडाभोवतीचे चिवट धागे सावकाश विरघळले की ते मऊ पडते. धूरही पारखावा लागतो. पांढरा दाट धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, त्याने मांस कडू होते. पातळ, निळसर धूर चांगला.

मी दोनदा घमेले उचलून पाहिले, तर नातू ओरडला, "आजी, धूर बाहेर जातो ना!"

मला हसूच आले. आमच्या मायचा अख्खा जन्म धूर बाहेर घालवण्यात गेला. पावसाळ्यात ओली लाकडे, हातात फुंकणी, डोळ्यांना धारा. तोच पांढरा दाट धूर! शेवटी खोकला जडला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "विडी ओढता का?" विडीला तिने कधी हातही लावला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. माय गेली तेव्हा असले आकडे आमच्या कानावर नव्हते.

असो. चार तासांनी बरगड्या उतरवल्या. मांस हाडावरून अलगद सुटले. कडेला गुलाबी पट्टा दिसला, तेव्हा सून म्हणाली, "कच्चे राहिले वाटते." कच्चे नव्हते. जळणातून निघणारे वायू मांसातल्या रंगद्रव्याला चिकटले की तो रंग येतो. चव म्हणाल तर फर्मास!

उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, त्यानंतर पुष्कळ घरांत सिलिंडर पोचले. तरी संध्याकाळी फिरायला निघाले की एखाद्या घराच्या कौलांतून धूर दिसतोच. सिलिंडर कोपऱ्यात असते, पण दर वेळी भरून आणायला पैसे कुठून आणायचे? परवा अशाच एका दारात चुलीपुढे बसलेली बाई भेटली. कधी काळची माझी विद्यार्थिनी. "बाई, सुट्टीत काय केलं नातवासोबत?" तिने डोळे पुसत विचारले. हौसेने धूर केला, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.