वहिनींची रांगोळी आणि संगणक

संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं चित्रकलेच्या नादीं लागावें कीं नाहीं, ह्याविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. वडील पुतण्या अभियंता. त्याच्या मतें नोकरीच्या तोंडावर यंत्राकडून नक्षी काढवून घेणें म्हणजे निव्वळ कालापव्यय. त्यास आमचें उत्तर कोल्हापुरांतलेंच आहे. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटरांनीं चलच्चित्राचा कॅमेरा ह्याच गांवीं स्वतः बनविला व १९२० सालीं 'सैरंध्री' लोकांपुढें आणली. कुंचला धरणाऱ्या हाताला यंत्राचें वावडें असतें, अशी समजूत निदान करवीरकरांनीं तरी बाळगूं नये.

आमची नात शिवाजी विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकते. गेल्या दिवाळींत ती चार मैत्रिणींना घेऊन आली. चित्रकारांनाही यंत्रास आज्ञा देतां याव्यात म्हणून केसी रीस व बेन फ्राय ह्यांनीं २००१ सालीं रचावयास घेतलेली 'प्रोसेसिंग' नांवाची भाषा त्या वापरीत होत्या. एक ओळ लिहिली कीं पडद्यावर रेघ उमटते; तीच नियमानें फिरविली कीं जाळी होते. परंतु नियम आणावा कोठून?

आम्हीं त्यांस छंदःशास्त्रांतील प्रस्तार दिला. केदारभट्टाच्या 'वृत्तरत्नाकरां'त त्याची रीत आहे. पहिल्या ओळींत सर्व गुरु मांडावे. पुढील ओळ करितांना वरच्या ओळींतील पहिल्या गुरूखालीं लघु लिहावा, उजवीकडे वरच्यासारखेंच ठेवावें, डावीकडे जागा राहील तेथें गुरु भरावे. सर्व लघु झाले कीं थांबावें. तीन अक्षरांचे आठ भेद, तेच आपले आठ गण. चार अक्षरांचे सोळा. मुलींनीं घटकाभरांत हें यंत्रास शिकविलें, गुरूच्या जागीं उभी रेघ व लघूच्या जागीं ठिपका काढविला, आणि अशी किनार उतरली कीं सूनबाईंना ती साडीच्या कांठाला हवीशी वाटली! आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत गण घोकविले. ते दिसतात कसे, हें प्रथमच पाहिलें.

ठिपक्यांची रांगोळी मात्र इतक्या सहजासहजीं वश झाली नाहीं. आमच्या वहिनी ७८ वर्षांच्या. हात कांपतो, आणि त्यांच्या रांगोळ्या कोठेंही लिहिलेल्या नाहींत. अकरा ते सहा, म्हणजे मधल्या ओळींत अकरा व दोन्हीं बाजूंस एकेक कमी करीत सहापर्यंत, असे ९१ ठिपके यंत्रानें क्षणांत मांडले. पण रेघ कोठें वळते, हें विचारतांच वहिनी म्हणाल्या, "तें मला नाहीं बाई सांगतां यायचें. रांगोळी आणा." त्या काढीत गेल्या, मुली एकेक वळण टिपीत गेल्या. (मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांतील गिफ्ट व राणी सिरोमनी ह्यांनीं १९७४ मध्यें तमिळ घरांपुढील 'कोलम'चें असेंच व्याकरण मांडलें होतें. पाणिनीचें नांव सांगणाऱ्या आम्हां मंडळींना हें सुचूं नये, ह्याचें नवल वाटतें.)

तयार चित्र पाहून वहिनी म्हणाल्या, "हें छापाचें झालें." मुलींनीं लागलीच कांहीं रेघा यदृच्छेनें हलविण्याची आज्ञा यंत्रास दिली. वहिनींना तेंही रुचेना. "भाऊजी, ह्या पोरींना सांगा, वाटेल तेथें नव्हे. उंबऱ्याकडची पाकळी तेवढी मोकळी ठेवायची. येणाऱ्याला वाट नको का?"

ही ओळ आम्हांस कोणत्या ग्रंथांत मिळाली असती? बाजारांत रांगोळीच्या चिकटपट्ट्या आल्या आहेत आणि अशीं बोटें वर्षागणिक कमी होत आहेत. विद्यापीठांनीं विद्यार्थ्यांना घरोघर धाडावें, तें आतांच धाडावें.

सतरा रांगोळ्या झाल्या आहेत. मुली चैत्रांगणालाही हात घालणार होत्या. वहिनींनीं साफ नकार दिला. "त्याला ठिपके नसतात, आणि तें दिवाळींत काढीत नाहींत. चैत्रांत या." चैत्रांत मुलींच्या परीक्षा आहेत. तोंवर हात कितपत साथ देईल, हें वहिनी बोलल्या नाहींत, आणि मुलींनींही विचारलें नाहीं.