तीनपट खोल

दिवाळीत रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा आजीसाठी लोणारचं विवर घेऊन गेलो होतो. फोनमध्ये.

लोणार तसं बुलढाणा जिल्ह्यात, पण आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर. गुडघे धड होते तोवर आजी दर नवरात्रात विवरात उतरून कमळजा देवीचं दर्शन घ्यायची. मी पुण्यात वेबसाइटवरचे थ्रीडी नकाशे बनवतो. 'म्हणजे नेमकं काय करतो?' याचं उत्तर घरी कधी नीट देता आलं नाही, म्हणून हा उद्योग.

ॲप वगैरे काही नाही, ब्राउझरमध्ये उघडणारी साधी लिंक. 2011 साली वेबजीएल आलं आणि वेबपानाला थेट ग्राफिक्स चिपकडून काम करून घेता यायला लागलं. त्या चिपचं काम निंदणासारखं. एकटा हुशार माणूस सगळं वावर निंदत नाही. शेकडो बाया आपापली पात धरून एकाच वेळी पुढे सरकतात. जमिनीच्या उंचीचे आकडे 2000 साली 'एंडेव्हर' यानानं रडारनं मोजलेले, फुकट मिळतात. साधारण दर 30 मीटरला एक आकडा. विवर 1.8 किलोमीटर रुंद, म्हणजे आडवे जेमतेम 60 ठिपके. बाबांचा जुना फोनही ते न अडखळता फिरवतो.

एक लबाडी मात्र मी केली होती. एवढ्या रुंदीत दीडेकशे मीटर खोली खऱ्या मापानं दाखवली, तर विवर परातीसारखं दिसतं. म्हणून खोली तीनपट केली. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. पुण्यातले मित्र 'भारी!' म्हणाले होते.

आजीनं चष्मा लावला, बोटानं गोल फिरवलं, कडेवरून आत डोकावली.

"हे लोणार नाही," ती म्हणाली. "येवढं खोल असतं त तुह्या बापाले कडेवर घेऊन उतरली असती का मी?"

बाबा हसले. मी लॅपटॉप काढला, 3 चा 1 केला, पान पुन्हा उघडलं. परात.

"हां. आता देऊळ दाखव."

देऊळ 30 मीटरच्या एका चौकोनात हरवतं, हे मी समजावू लागलो. तिनं न ऐकता पाण्याच्या काठावर बोट ठेवलं. तिथे शेंदरी ठिपका टाकला. मग तिला तिथवर उतरायचं होतं. कॅमेरा जमिनीत घुसू नये म्हणून मी तो बराच वर अडवला होता. ती बोट ओढत राहिली, चित्र तसूभर हललं नाही.

रात्री गच्चीवर, जिथे रेंज येते, ती मर्यादा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणत बसलो.